सोमवारी कामावर, शनिवारी मुक्कामाला: एकच पिकअप दोन्हींसाठी कशी तयार करावी

माझं काम पाण्याच्या पंपांचं. आठवडाभर गाडीच्या हौद्यात मोटारी, दोन-दोन मीटरला कापलेले पाइप, चेनपुली आणि फिटिंगच्या पेट्या असतात. आठवडा संपला की तीच गाडी घेऊन उघड्यावर दोन रात्री काढायच्या, ही जुनी सवय. नवीन पिकअप घेतलेले लोक भेटले की विचारतात, "मुक्कामासाठी हौद्यात काय काय बसवू?" मी त्यांना आधी सोमवार सकाळचं विचारतो. बसवलेलं सगळं कामावर निघताना कुठे जाणार आहे?

हे विचारायचं कारण माझं पहिलं फर्निचर. हौद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ड्रॉवर, वर १८ मिलिमीटरच्या प्लायचा पलंग, सगळं बोल्टने घट्ट. झोपायला उत्तम होतं. पण कामाच्या दिवशी चाळीस किलोची मोटार गुडघ्याच्या उंचीवर ठेवण्याऐवजी छातीपर्यंत उचलायला लागायची. पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये पाइप जात नव्हते आणि पलंगावर ठेवले तर वळणावर घरंगळायचे. चार महिन्यांत तो पलंग मी स्वतःच्या हाताने उतरवला. तेव्हापासून एकच नियम पाळतो: दोन्ही दिवशी उपयोगाचं असेल तेच हौद्यात कायमचं बसवायचं. बाकी प्रत्येक वस्तू एकट्या माणसाला, एकही पाना न लावता, पाव तासात चढवता-उतरवता आली पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या नियमातून निघाल्या आहेत.

पायरी १: पंधरा दिवस नुसती वही

काहीही विकत घेण्याआधी पंधरा दिवस एक वही गाडीत ठेवा. रोज काय भरलं, त्यातलं काय खरंच वापरलं, काय नुसतं हिंडून परत आलं, ते लिहा. माझ्या वहीत दिसलं की जवळपास पन्नास किलोची हत्यारं मी महिन्यातून एकदा वापरण्यासाठी रोज वाहत होतो. ती घरी ठेवली आणि झोपायच्या सामानाला जागा आपोआप झाली.

मग टेप घेऊन हौदा मोजा. फाळका (हौद्याचं मागचं दार) बंद असताना आतली लांबी, तळाची रुंदी, दोन चाकांच्या उंचवट्यांमधलं अंतर, त्या उंचवट्यांची उंची आणि बाजूच्या भिंतींची उंची. हे पाच आकडे लागतातच. चार दारांच्या पिकअपमध्ये हौद्याची लांबी साधारण दीड मीटर मिळते, एकेरी केबिनच्या गाडीत सव्वादोन मीटरच्या आसपास. उंचवट्यांच्या मध्ये बहुतेक गाड्यांत एक ते सव्वा मीटर रुंदी असते, उंचवट्यांच्या वर दीड मीटरपर्यंत जाते. हे आकडे अंदाजापुरते. तुमच्या गाडीचे तुम्हीच मोजा, कारण फाळक्याच्या आतल्या पत्र्याची जाडीसुद्धा दोन-तीन सेंटिमीटर खाते.

दीड मीटरच्या हौद्याबद्दल एक सल्ला सर्रास ऐकू येतो: कोनात झोपायचं. हा हिशेब फसवा आहे. दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागेचा कर्ण २१२ सेंटिमीटर भरतो, म्हणून माणूस मावेल असं वाटतं. पण ६० सेंटिमीटर रुंद गादी त्या कर्णावर ठेवली की तिचे कोपरे भिंतींना टेकतात आणि लांबी उरते जेमतेम १५० सेंटिमीटर. म्हणजे सरळ झोपण्याइतकीच. आखूड हौद्यात फाळका उघडून त्यावर फळी टाकणं हाच खरा मार्ग. त्याने पन्नासेक सेंटिमीटर वाढतात. फाळक्याच्या साखळ्या किंवा तारा माणसाचं वजन पेलतील एवढ्या धडधाकट आहेत ना, हे मात्र आधी बघून घ्या.

मापं घेतली की जुने खोके कापून ड्रॉवरच्या, फ्रिजच्या, पाण्याच्या कॅनच्या आकाराचे डबे करा आणि हौद्यात मांडा. वर फळी टाकून प्रत्यक्ष आडवे व्हा. उठून बसून बघा. पुठ्ठ्याची चूक ब्लेडने सुधारते, प्लायची सुधारत नाही.

पायरी २: वजनकाट्यावर जा

नवीन माणूस सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. हौदा मोठा दिसतो, जागा शिल्लक दिसते आणि माणूस भरत जातो. जागा आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या हातातला भार कळतो. रिकाम्या वजनात काही ठिकाणी चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात. म्हणून छापील आकड्यावर विसंबू नका. टाकी पूर्ण भरा, हौदा रिकामा करा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं, मागची चाकं आणि पूर्ण गाडी अशी तीन वजनं घ्या.

समजा हातात ९०० किलो आले. आता वजाबाकी करा. फायबरची कॅनॉपी, म्हणजे हौद्यावरचं बंद टणक छप्पर, ७० किलो. ड्रॉवर आणि फळ्या ८०. बॅटरी, फ्रिज आणि वायरिंग ३५. पाणी ४०. दोन माणसं १५०. रोजची हत्यारं २००. बेरीज ५७५ झाली. उरलेल्या ३२५ किलोंत तुमचा कामाचा माल बसायला हवा. बसत नसेल तर मुक्कामाचं सामान कमी करायचं, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायचे नाहीत. जादा पाटा टाकला की गाडीचं बूड वर दिसतं, पण कमाल वजनाचा आकडा तोच राहतो. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, चेसिसही तीच. शिवाय रिकामी गाडी दगडासारखी आदळायला लागते.

वजन कुठे ठेवलं यालाही तेवढंच महत्त्व आहे. दोन अ‍ॅक्सलमध्ये तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर १०० नाही, १३३ किलो येतात. वरचे ३३ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. तेवढं स्टिअरिंग हलकं होतं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर चढतो तो वेगळाच. म्हणून पाणी, बॅटरी, मोटारी, जे जे जड ते सगळं केबिनच्या पाठीला लागून आणि तळाशी. मागच्या टोकाला गाद्या, खुर्च्या, फुलकं सामान.

टपावरच्या तंबूचं अनेकांना आकर्षण असतं. असा तंबू स्वतःच ५० ते ८० किलोंचा असतो, आणि टपाची चालत्या गाडीतली क्षमता उभ्या गाडीतल्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी असते. चालती क्षमता पुस्तिकेत बघा. रोज कामावर जाणाऱ्या गाडीवर तो तंबू आठवडाभर वारा खात, इंधन खात फिरतो. उतरवायला दोन माणसं लागतात. माझ्या नियमात तो बसत नाही.

पायरी ३: हौद्याचा तळ आणि वरचं छप्पर

तळाला जाड रबरी मॅट सगळ्यात चांगली. माल घसरत नाही, धुता येते, उचलून खालचा पत्रा वाळवता येतो. कडक प्लॅस्टिकचं लायनर स्वस्तात मस्त वाटतं, पण त्याच्याखाली पाणी आणि वाळू अडकून पत्र्याचा रंग घासला जातो. त्याचा दुसरा धोका मोठा आहे. पेट्रोलचा कॅन प्लॅस्टिकच्या लायनरवर ठेवून कधीही भरू नका. इंधन वाहताना स्थिर वीज तयार होते, प्लॅस्टिकमुळे ती जमिनीत उतरत नाही, आणि नोझल कॅनच्या तोंडाजवळ असताना ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, मगच भरायचा. असे अपघात झालेले आहेत.

छपरासाठी तीन पर्याय: ताडपत्री, सरकता किंवा घडीचा झाकणपत्रा, आणि कॅनॉपी. उंच माल रोज नेणाऱ्याने लोखंडी कमानी आणि ताडपत्री वापरावी. काढायला सोपी, वजन नगण्य. चोरीपासून संरक्षण नाही, एवढाच तिचा दोष. झाकणपत्र्याखाली माल सुरक्षित राहतो, पण आत झोपता येत नाही. हत्यारं रात्रभर गाडीतच राहत असतील आणि आतच झोपायचं असेल, तर कॅनॉपी घ्या. घेताना दोन्ही बाजूंच्या खिडक्या वर उचलणाऱ्या असाव्यात. मागच्या दारातून वाकून केबिनजवळची पेटी ओढायची कसरत रोज कोणी करू नये.

हौद्याला भोक पाडावं लागलं तर आधी गाडीखाली आडवं होऊन बघा. इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, मागच्या दिव्यांची वायर, सगळं त्याच पत्र्याच्या पोटाशी असतं. भोक पाडल्यावर कडा घासा, प्रायमर लावा, रंग द्या, मग बोल्ट. बोल्टच्या खाली नुसता वायसर पुरत नाही. तळव्याएवढी लोखंडी पट्टी द्या, नाहीतर खड्ड्यांनी पत्रा फाटतो. नट नायलॉनची कडी असलेलाच वापरा. गाडीत बदल करण्याआधी आपल्या नोंदणी खात्याचे आणि विम्याचे नियमही विचारून घ्या. नंतर कळलेला नियम महागात पडतो.

पायरी ४: अर्धा ड्रॉवर, अर्धा मोकळा तळ

माझ्या गाडीत आता जे आहे ते सांगतो. नवख्याने हेच करावं असं मला मनापासून वाटतं.

डाव्या बाजूला एकच लांब ड्रॉवर. रुंदी साधारण ५० सेंटिमीटर, आणि उंची चाकाच्या उंचवट्याएवढी, एक सूतही जास्त नाही. उजवी बाजू पूर्ण मोकळी. तिथे मोटार ठेवा, पाइप आडवे टाका, पोती रचा, काहीही अडत नाही. रात्री ड्रॉवरच्या डोक्यापासून उजव्या उंचवट्यापर्यंत तीन फळ्या आडव्या टाकल्या की सपाट पलंग तयार. तो उंचवट्यांच्या वरून जातो, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण रुंदी मिळते आणि दोन माणसं मावतात.

ड्रॉवरची उंची उंचवट्याएवढी ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. बसलेल्या माणसाला डोक्यापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर लागतात. कॅनॉपीच्या आत तळापासून छतापर्यंत बहुधा तेवढेच मिळतात. त्यातून ड्रॉवरचे २५, प्लायचे दोन, गादीचे सात गेले की ५५-६० उरतात. पलंगावर बसता येणारच नाही. मोकळा तळ असला की मधली फळी उचलायची, पाय खाली सोडायचे आणि निदान बूट घालण्यापुरतं वाकून बसायचं. पावसात बाहेर न उतरता कपडे बदलायचे असतात तेव्हा ही एवढीशी जागा किती मोलाची आहे ते कळतं.

फळ्या आठवडाभर कुठे जातात? माझ्या दोन फळ्या मोकळ्या बाजूला खाचांत उभ्या राहून मालाचे कप्पे करतात. तिसरी ड्रॉवरवर पडून राहते आणि पाइप कापताना टेबल होते. घरी ठेवायला एकही नाही. ज्या वस्तूला सोमवारीही काम आहे ती वस्तू अडगळ होत नाही.

साहित्याचं थोडक्यात. पलंगाच्या फळीला १८ मिलिमीटर, ड्रॉवरच्या पेटीला १२. दोन्हीसाठी पाण्यात टिकणारा मरीन प्लायच. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश दोन हात, कारण पाणी कडेतूनच शिरतं. फळीला पाच-सहा सेंटिमीटरची भोकं पाडा. वजन घटतं, बोटं घालून उचलता येते आणि गादीखाली हवा खेळते. भोकं नसतील तर श्वासाची वाफ गादीच्या पोटाशी गार पडून साचते, आणि तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला काळी बुरशी दिसते.

ड्रॉवरच्या रुळांवर किती किलो चालतात ते लिहिलेलं असतं. तो आकडा पूर्ण उघड्या ड्रॉवरचा आहे ना, हे विचारा. कुलूप दोन्ही टोकांना लागतं: बंद असताना आणि पूर्ण उघडा असतानाही. चढावर तोंड करून उभ्या केलेल्या गाडीत साठ किलोचा ड्रॉवर आपोआप बाहेर येतो, आणि उतारावर उभ्या गाडीत तो आपल्या बोटांवर बंद होतो. माझ्या उजव्या हाताच्या दोन नखांनी हे सोसलं आहे. महागडे रूळ नको असतील तर ड्रॉवरच्या तळाला आणि खालच्या चौकटीला गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावा. जोर थोडा जास्त लागतो, पण धुळीने अडकत नाहीत आणि वजनाला हलक्या.

पायरी ५: वीज

मुक्कामाच्या विजेसाठी गाडीची मूळ बॅटरी कधीच वापरू नका. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर काम आणि मुक्काम दोन्ही अडतात. दुसरी बॅटरी हवीच, आणि सुदैवाने ती कामाच्या दिवशीही राबते. ड्रिल आणि ग्राइंडरच्या बॅटऱ्या चार्ज करायला मी तीच वापरतो.

आधी गरज मोजा. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो, पण दिवसातला काही वेळच चालतो. ४० टक्के वेळ धरला तर २४ तासांत ३८ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास; बॅटरीची क्षमताही यातच मोजतात). पाच वॅटचे दोन एलईडी १२ व्होल्टवर चार तास, सव्वातीन. दोन फोन, अडीच. छोटा पंखा रात्रभर, आठ. एकूण साधारण ५२. आता १०० अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात आले ५०. एकच दिवस. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, म्हणजे दीड दिवस. शिवाय वजन निम्म्याहून कमी, साधारण १२ किलो. पायरी २ मधली बेरीज आठवा. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र ही बॅटरी चार्ज करायची नसते. थंड प्रदेशात जाणार असाल तर तापमान बघून चार्जिंग थांबवणारी घ्या.

चार्जिंगसाठी मूळ बॅटरी आणि दुसरी बॅटरी यांच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावा, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज करून देणारा चार्जर. नुसत्या रिलेवर (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) जुन्या गाड्या भागवतात, पण आजच्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज करायचं यंत्र) इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतो आणि रिलेवरची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. २० अँपिअरचा चार्जर असेल तर दिवसभराची ५०-५२ ची तूट अडीच-पावणेतीन तासांच्या प्रवासात भरून निघते. म्हणूनच रोज कामावर पळणाऱ्या गाडीला सोलर पॅनल आधी लागत नाही. एकाच जागी दोन-तीन दिवस थांबायला लागलात की घ्या. १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास देतं, म्हणजे निम्मी गरज.

वायरमध्ये कंजुषी नको. पुढच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १० अँपिअरला अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच मरतात. सहा स्क्वेअर एमएममध्ये ०.३. फ्रिज कमी व्होल्टेजला स्वतःहून बंद होतो, आणि माणूस फ्रिजवाल्याला दोष देतो. हा हिशेब १० अँपिअरचा. २० अँपिअरच्या चार्जरला तूट दुप्पट होते, तेव्हा तिथे दहाची वायर टाका.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढा करंट सोसेल त्याच्या आतला फ्यूज, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. दुसऱ्या बॅटरीलाही तसाच. दोन्ही टोकांना वीज आहे, मग फ्यूज एकाच टोकाला कसा पुरेल? एकदा हौद्याच्या पत्र्यातून वायर नेताना रबरी कडी घालायची राहून गेली. दोनेक महिन्यांनी एका खडबडीत रस्त्यावर दिवे गेले. खाली बघितलं तर पत्र्याच्या धारेने वरचं आवरण सोलून तांबं उघडं पडलेलं, कडेला काजळीचा डाग, आणि फ्यूज उडालेला. तो फ्यूज नसता तर त्या तापलेल्या वायरीपासून टाकी दीड हातावर होती. आता प्रत्येक भोकाला रबर, आणि संपूर्ण लांबीला नालीदार नळी.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती झोपायच्या बंद जागेत ठेवू नका.

पायरी ६: चूल, पाणी, हवा

चूल बाहेर पेटवायची. पाऊस असो, थंडी असो, बंद कॅनॉपीत कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर, इंजिन चालू ठेवून झोपणं, सगळ्यांतून तोच वायू येतो. त्याचा बॅटरीवरचा अलार्म कॅनॉपीत उशाजवळ लावा. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवून झोपा, म्हणजे वाफही साचत नाही.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साचतो. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि त्याच्या पेटीच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं. पेट्रोल-डिझेलचे कॅन झोपायच्या जागेत अजिबात नाहीत.

पाणी पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर धरा. धुण्याचं वेगळं. एका मोठ्या टाकीपेक्षा २० लिटरचे दोन कॅन बरे. एकट्याला उचलता येतात, एक फुटला तरी दुसरा उरतो, आणि अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीसारखं पाणी वळणावर हिंदकळून गाडी ढकलत नाही.

कामाचं आणि मुक्कामाचं सामान एका पेटीत मिसळू नका. सिमेंट, ग्रीस, औषधफवारणीची रसायनं यांचा अंश अंथरुणाला किंवा भांड्यांना लागता कामा नये. माझ्याकडे कामाच्या पेट्या काळ्या आणि मुक्कामाच्या पिवळ्या. अंधारातही हात चुकत नाही.

पायरी ७: बांधणी

भार नुसता ठेवायचा नसतो, बांधायचा असतो. अनेक देशांच्या नियमांत मालाच्या बांधणीने पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर पेलावा अशी अपेक्षा असते. म्हणजे ५० किलोच्या पेटीच्या पट्ट्यांनी करकचून ब्रेक लागल्यावर ४० किलोंचा धक्का सोसला पाहिजे. रॅचेट पट्ट्यावर (खटक्याने आवळायचा पट्टा) क्षमता लिहिलेली असते. चिरलेला, उन्हाने पांढरा पडलेला पट्टा टाकून द्या. हौद्याच्या तळाला चार कड्या पक्क्या करा, केबिनच्या पाठीशी दोन जादा. लवचीक रबरी दोऱ्या गादी आणि पांघरुणापुरत्याच.

पायरी ८: चाकं आणि अडकल्यावरचं सामान

टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा आकडा भार सांगतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. नवे टायर घेताना नक्षी बघण्याआधी हा आकडा बघा, मूळ टायरपेक्षा कमी नको. भरलेल्या गाडीची हवा वेगळी, रिकाम्या गाडीची वेगळी. दोन्ही आकडे पुस्तिकेत आहेत. वाळूत हवा कमी केली तर डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. म्हणून हवा मोजायचं यंत्र आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत कायम असू द्या. कामाच्या दिवशीही पंक्चर होतंच.

स्टेपनी हौद्याखाली असेल तर एकदा पूर्ण भरलेल्या गाडीची स्टेपनी काढून बघा. जॅक पोचतो का, दांडा ड्रॉवरच्या मागे तर अडकला नाही ना, हे घराच्या दारात कळलेलं बरं.

फावडं, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, ओढायचा पट्टा, दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), १-२ किलोचा पावडरचा अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी एवढं पुरे. ओढताना पट्टा ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच लावू नका. तो गोळा झटक्यासाठी बनवलेला नसतो. तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. चेसिसला बोल्टने जोडलेला, क्षमता लिहिलेला हूकच वापरा. ओढणं चालू असताना पट्ट्याच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

पायरी ९: पाव तासाची तालीम

सगळं बसलं की लगेच लांब जाऊ नका. आधी दारात तालीम करा. घड्याळ लावा. काळ्या पेट्या खाली, पिवळ्या वर, फळ्या आडव्या, गादी, पट्टे. मग उलटं. पहिल्यांदा माझी चाळीस मिनिटं गेली होती. त्यातली वीस एकाच गोष्टीत: फ्रिज चार बोल्टने बसवला होता. बोल्ट काढून दोन पट्टे आणि एक ओढून काढायचा प्लग केला, आणि आकडा पाव तासाच्या आत आला. ज्या वस्तूला पाना लागतो तिथेच वेळ जातो, ती शोधून काढा.

पहिली रात्र घराजवळच काढा, जिथून कंटाळा आला तर परत येता येईल. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळा. काही हमखास सैल निघतात, विशेषतः ड्रॉवरच्या रुळांचे आणि कॅनॉपीच्या पकडींचे. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी पाना न लावता कळतं: रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे.

आणि ती वही गाडीतच राहू द्या. पहिल्या तीन मुक्कामांत काय कमी पडलं आणि काय उगाच वाहिलं ते लिहा. चौथ्या मुक्कामाच्या आधी पुन्हा वजनकाट्यावर जाऊन या.